ओ-थ्रीसाठी जेऊरला

"तुझ्याकडे नॅरोबँड फिल्टर आहेत ना, मग एवढं सामान गाडीत कोंबून जेऊरला कशाला मरायला जातोस?" हा प्रश्न मला घरच्यांनी कमी आणि ॲस्ट्रोफोटोग्राफी करणाऱ्या मित्रांनीच जास्त विचारलाय. जेऊर म्हणजे करमाळा तालुक्यातलं गाव, तिथल्या माळावर मी रात्री आकाशाचे फोटो काढायला जातो. प्रश्न चुकीचा पण नाहीये. नॅरोबँड म्हणजे शहरातल्या माणसाचं औषध असाच समज आहे सगळीकडे. गच्चीवर टेलिस्कोप लावायचा, फिल्टर अडकवायचा, खाली रस्त्यावर गणपतीची मिरवणूक चालू असली तरी वर नेब्युला निघतो. जाहिरातीत पण तेच असतं. आणि ज्याला काळं आकाश मिळतं त्यानं म्हणे साध्या रंगीत कॅमेऱ्यानं काढावं, फिल्टरचा खर्च कशाला.

मला हे बरोबर उलटं वाटतं. फिल्टरची खरी किंमत वसूल होते ती अंधारातच. एच-अल्फासाठी नसेल कदाचित, पण ओ-थ्रीसाठी शंभर टक्के.

आता ज्यांना हे काय चाललंय कळत नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. नेब्युला म्हणजे तेजोमेघ, त्यातला वायू सगळ्या रंगात चमकत नाही, मोजक्या ठरलेल्या तरंगलांबीलाच चमकतो. हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरला, गडद लाल, हा एच-अल्फा. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन मुख्यतः ५००.७ ला, निळसर हिरवा, हा ओ-थ्री. आणि सल्फरची जोडी ६७२ च्या आसपास, एस-टू. नॅरोबँड फिल्टर काय करतो तर त्या एका रेषेच्या आजूबाजूचे ३ किंवा ५ किंवा ७ नॅनोमीटर आत सोडतो आणि बाकी सगळ्याला दारातूनच परत पाठवतो. डोळ्याला दिसणारा प्रकाश तीनशे नॅनोमीटरच्या आसपास पसरलेला असतो असं धरलं तर ३ नॅनोमीटरचा फिल्टर त्यातला जेमतेम एक टक्का आत घेतो. म्हणजे शहराचा ९९ टक्के उजेड बाहेर आणि नेब्युलाचा त्या रेषेतला जवळपास सगळा आत. कागदावर तर प्रकरण मिटलंच.

पण मिटत नाही, कारण आपले दिवे बदलले. पूर्वी रस्त्यावर पिवळे सोडियमचे दिवे होते, त्यांचा बराचसा प्रकाश ५८९ च्या आसपास असायचा. लग्नाच्या मांडवाशेजारी उभं राहून कुणाची कुजबुज ऐकायची असेल आणि डीजेवाला एकच सूर पिपाणीसारखा वाजवत असेल, तर तो सूर सोडून बाकी ऐकणं जमतं. एलईडी आल्यापासून डीजे सगळेच सूर वाजवतोय. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश निळ्यापासून लालपर्यंत सलग पसरलेला, म्हणजे ५००.७ च्या त्या बारीक फटीतूनही तो येतोच, थोडा येतो पण येतो. वर निळा-हिरवा प्रकाश हवेत लालपेक्षा जास्त विखुरतो, त्यामुळे चंद्र असला की एच-अल्फा कसाबसा तग धरतो आणि ओ-थ्री पार धुऊन निघतो. पुण्याच्या गच्चीवरून मी रोझेट नेब्युला एच-अल्फात काढलेला आहे, चांगला आलाय, मोठा प्रिंट करून लावलाय. त्याच गच्चीवरचा ओ-थ्री मी कुणाला दाखवत नाही.

आकडे सांगतो म्हणजे नुसतं मत वाटणार नाही. आकाशाचा काळोख मोजायचं एक छोटं मीटर असतं, ते मॅग्निट्यूडमध्ये आकडा देतं, जितका मोठा आकडा तितका जास्त अंधार, २२ म्हणजे निसर्गाने दिलेला जवळपास पूर्ण काळोख. आमच्या गच्चीवर १८ च्या आसपास येतो आणि जेऊरच्या माळावर बऱ्या रात्री २१. तीनचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण पाच मॅग्निट्यूड म्हणजे शंभर पट या हिशोबाने तीन म्हणजे जवळजवळ सोळा पट उजेड. आणि पार्श्वभूमी सोळा पट उजळ असेल तर तितकाच स्वच्छ फोटो मिळवायला सोळा पट वेळ कॅमेरा उघडा ठेवावा लागतो. फिल्टर लावल्यावर हा फरक नेमका सोळाच राहील असं नाही, आजूबाजूला कुठले दिवे आहेत त्यावर ठरतं, पण दिशा तीच. माळावरच्या एका रात्रीचं काम गच्चीवर अख्खा सीझन गेला तरी संपत नाही, आणि महाराष्ट्रात आपल्याला सीझन तरी केवढा मिळतो? जूनपासून ऑक्टोबरपर्यंत ढग. हंसाचा आणि वृषपर्व्याचा सगळा खजिना पावसातच जातो आपला, युरोपातले लोक तो टाकतात आणि आपण लाईक करतो.

हिवाळ्यात मात्र आपण त्यांचा हिशोब चुकता करू शकतो, आणि माझं आवडतं उदाहरण म्हणजे शार्पलेस ३०८. स्ट्युअर्ट शार्पलेसने १९५९ साली ३१३ तेजोमेघांची यादी छापली त्यातला हा ३०८ वा. व्याधाच्या तारकासमूहात, व्याधापासून सात-आठ अंश दक्षिणेला. काही लोक त्याला डॉल्फिनचं डोकं म्हणतात, मला तो बुडबुडाच दिसतो. आहेच तो बुडबुडा: मध्ये एक वुल्फ-रायेट जातीचा तारा आहे, प्रचंड तापलेला, आयुष्याच्या शेवटाकडे आलेला, आणि त्याच्यातून सेकंदाला हजार किलोमीटरच्या वर वेगानं वारा सुटलाय, त्या वाऱ्यानं ताऱ्यानेच आधी टाकलेला वायू पुढे ढकलत ढकलत साधारण साठ प्रकाशवर्षं रुंदीचा फुगा केलाय. अंतर पाच हजार प्रकाशवर्षांच्या घरात. आकाशात तो पौर्णिमेच्या चंद्रापेक्षा जरा मोठाच पसरलाय. एवढा मोठा असून दिसत का नाही, तर तो प्रकाश भयंकर पातळ आहे आणि बहुतेक सगळा ओ-थ्रीत आहे. लंडनहून तो क्षितिजापासून १५ अंशसुद्धा वर येत नाही. जेऊरहून ४८ अंश. जानेवारीच्या अमावस्येला मध्यरात्रीच्या आसपास दक्षिणेला नीट उंच उभा असतो, आणि तरी आपल्याकडे लोक दरवर्षी मृगातला ठळक तेजोमेघ एम-४२ च काढतात, कारण तो सोपा आहे.

जेऊर का, तर आधी साधं कारण. मित्राची शेती आहे तिकडे, सोलापूर हायवेनं टेंभुर्णीपर्यंत जायचं आणि तिथून करमाळ्याच्या दिशेला आत वळायचं. शेताच्या वरच्या अंगाला एक खडकाळ माळ आहे जिथे काही पिकत नाही, दक्षिणेकडे उजनीचा फुगवटा, त्यामुळे त्या बाजूला बराच पट्टा बिनदिव्याचा. अगदी उत्तम जागा नाहीये ही, पेंचला २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क जाहीर झालं ते किती तरी काळं असणार, लडाखचं हानले तर वेगळंच प्रकरण. पण पुण्याहून शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर निघून पोचता येतं, हा गुण मोठा आहे.

दुसरं कारण मला तिकडे जायला लागल्यावर बऱ्याच उशिरा कळलं. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा आपल्याकडून गेला होता आणि त्यासाठी जेऊरला दुर्बिणी घेऊन लोक आले होते, अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल आले होते आणि पुण्याहून कावसजी दादाभाई नायगमवाला. हे नायगमवाला पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्राध्यापक. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून तिथे १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. तिची वीस इंची ग्रब दुर्बीण तेव्हा देशातली सगळ्यात मोठी. सीओईपीच्या समोरून मी कित्येक वर्षं गेलोय, तिथे असं काही होतं हे कुणी सांगितलं नव्हतं.

आणि नायगमवालांचं जे काम मला जास्त भिडलं ते ग्रहणाचं नाही, ओ-थ्रीचंच आहे. तेव्हा त्याला ओ-थ्री म्हणत नव्हते, कारण ते काय आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. झालं असं की १८६४ मध्ये विल्यम हगिन्स या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने कालेय तारकासमूहातल्या एका नेब्युलाचा प्रकाश प्रिझममधून बघितला आणि त्याला ताऱ्यासारखा सलग पट्टा न दिसता नुसत्या सुट्या रेषा दिसल्या, त्यातली सगळ्यात ठळक हिरवी. ती पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. नॉर्मन लॉकियर हा दुसरा इंग्रज खगोलशास्त्रज्ञ म्हणायचा की हा मॅग्नेशियमच्या प्रकाशातल्या पट्ट्याचा उरलेला भाग आहे, हगिन्सला ते अजिबात मान्य नव्हतं, आणि दोघं त्यावरून वर्षानुवर्षं भांडत होते. लॉकियर बरोबर असता तर रेषेची एक कड पुसट, पसरलेली दिसायला हवी होती. नायगमवालांनी पुण्यातून मृगातल्या तेजोमेघाची ती रेषा पुन्हा पुन्हा तपासली आणि १८९१ मध्ये छापलं की रेषा कशीही बघितली तरी धारदार आणि बारीकच दिसते, पसरत नाही. लॉकियरच्या विरुद्ध पुण्यातून पडलेलं मत! आज तो मृग पुण्यातून बघायला आपण मोबाईलवर ॲप उघडून तो कुठंय ते शोधतो.

तरी रेषा कशाची ते कोडं राहिलंच. नवीन मूलद्रव्य असावं म्हणून त्याला नेब्युलियम असं नावही देऊन टाकलं होतं. शेवटी १९२७ मध्ये आयरा बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञानं सोडवलं: मूलद्रव्य नवीन नाही, आपला रोजचा ऑक्सिजनच आहे, पण अशा अवस्थेत जी प्रयोगशाळेत टिकत नाही. दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन त्या चढलेल्या पातळीवर सरासरी अर्ध्या मिनिटाच्या वर थांबतो आणि मग तो हिरवा फोटॉन सोडतो. अणूंच्या जगात अर्धं मिनिट म्हणजे युगं झाली. प्रयोगशाळेतल्या चांगल्यात चांगल्या पोकळीत पण तेवढ्या वेळात दुसरा कुणीतरी येऊन आपटतो आणि फोटॉन सुटायच्या आधीच ऊर्जा निघून जाते. नेब्युलात एवढी मोकळी जागा आहे की त्याला कुणी धक्का मारत नाही. हे वाचल्यापासून मी ओ-थ्रीच्या फ्रेमकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो, खरं सांगायचं तर एच-अल्फाबद्दल मला एवढं प्रेम नाही.

माळावरचं प्रत्यक्ष काम मात्र बरंचसं हमालीचं आहे. उजेड असेपर्यंत ट्रायपॉड लेव्हल, त्यावर माउंट, म्हणजे ताऱ्यांबरोबर टेलिस्कोप फिरवणारं यंत्र, तोल राखायला काउंटरवेट, मग ध्रुवतारा दिसेपर्यंत थांबायचं, कारण माउंटचा आस त्याच्याकडेच रोखायचा असतो. आपल्याकडे ध्रुव १८ अंशांवरच असतो, म्हणजे क्षितिजावरची धूळ, धूर आणि एखादं बाभळीचं झाड यांच्या बरोबर मध्ये. शिवाय परदेशातल्या माउंट बनवणाऱ्यांना १८ अक्षांशावर पण माणसं राहतात हे फारसं सुचत नाही बहुतेक, इतका खाली झुकवला की काउंटरवेटचा दांडा ट्रायपॉडच्या पायाला लागतो की काय याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. जानेवारीत ऊसतोड ऐन भरात, कुठंतरी पाचट पेटलेलं असतं आणि वारा इकडचा असला की संपूर्ण रात्र गेली. कारखान्याचा उजेड एका बाजूला आहेच.

फिल्टर लावल्यावर सर्चिंगला काही दिसत नाही, फोकस पण प्रत्येक फिल्टरला वेगळा, थंडी वाढली की पुन्हा करायचा. हे सगळं हल्ली सॉफ्टवेअर करतं, तिथे वेळ घालवत नाही. एक गोष्ट मात्र अंधारातच शिकायला मिळते. गच्चीवर दोन-तीन मिनिटांचा सब, म्हणजे एक सुटा फोटो, घेतला तरी आकाशाचाच उजेड एवढा भरतो की त्यापुढे जाण्यात अर्थ नसतो. माळावर ३ नॅनोमीटरच्या ओ-थ्रीत दहा मिनिटं उघडा ठेवला तरी पार्श्वभूमी जेमतेम हलते, कॅमेऱ्याचा रीड नॉइजच, म्हणजे फोटो वाचताना तो स्वतः पाडतो तो कचरा, आकाशापेक्षा मोठा ठरायला लागतो. म्हणजे अंधार जेवढा चांगला तेवढे लांब सब लागतात, आणि दहा मिनिटं माउंटनं एका ताऱ्यावर केसभर न हलता राहायचं, उघड्या माळावर वारं असताना. त्यात शार्पलेस ३०८ च्या अगदी जवळ एक ठळक नारिंगी तारा आहे, स्वस्तातल्या ओ-थ्री फिल्टरमध्ये त्याच्याभोवती एवढं मोठं वलय येतं की बुडबुड्याला दुसरा बुडबुडा चिकटल्यासारखा दिसतो. फिल्टरवर पैसे वाचवू नका एवढंच सांगेन, बाकी कशावरही वाचवा.

एकदा रात्री एकच्या सुमारास बांधावरून बॅटरीचा उजेड हलत हलत यायला लागला. शेजारच्या रानातले तात्या. शेतीला त्या आठवड्यात लाईट रात्रीचीच होती, कांद्याला बारं द्यायला आले होते, पायात गमबूट, डोक्याला मफलर, खांद्यावर खोरं.

"काय पाव्हणं, काय सापडलं का?"

गावात आधी कुणीतरी उठवलं होतं की आम्ही गुप्तधन शोधतोय म्हणून, तो त्यातला प्रश्न असावा असं मला वाटलं. म्हटलं, "नाही तात्या, फोटो काढतोय. या, दाखवतो."

त्यांनी न सांगता स्वतःच बॅटरी बंद केली. लॅपटॉपवर लाल फिल्म लावलेली, नुकताच एक दहा मिनिटांचा सब आला होता, तो स्ट्रेच करून, म्हणजे त्यातलं पुसट उजळवून, दाखवला. काळ्यावर दाणेदार कचरा, त्यात तारे, आणि डावीकडे नीट बघितलं तर एक अगदी पुसट कमान. बस. मी बोटानं कमान दाखवली.

"ह्ये? ह्याच्यासाठी रात्रभर?"

"असे बरेच जमवायचे आणि एकावर एक ठेवायचे. कमान प्रत्येकात त्याच जागी असते, कचरा दर वेळी वेगळा पडतो. मग कचरा एकमेकांत मिटतो."

त्यांनी मान हलवली, पटलं का नाही कळलं नाही. मग वर बघून म्हणाले, "डोळ्याला न्हाईच का दिसत?" म्हटलं नाही, कुणालाच नाही दिसत. कुठं आहे ते बोट करून दाखवलं, व्याधाच्या खाली. तात्यांनी व्याधाऐवजी मृगाच्या तीन ताऱ्यांकडे बोट केलं. "त्ये तिकांडं. मोबाईल नव्हतं तवा आमी त्याच्यावरच बारं बदलायचो. तिकांडं कलाय लागलं की पलीकडच्या भावाचं पाणी." एवढं बोलून ते निघाले कारण वाफा भरत आला होता, आणि जाताना बॅटरी माळ उतरून खाली गेल्यावरच लावली. आमच्यातले काही शिकलेले लोक डार्क साइटला गाडीचे हेडलाइट लावून येतात, तर असो.

गावातल्या चौकात आता एक हायमास्ट आलाय. पांढरा, चारी दिशांना फेकणारा, वरून झाकण नाही. माझ्या फ्रेममध्ये उत्तरेच्या कडेला चढत जाणारा उजेड त्याच्यामुळे वाढलाय, हे कॅमेऱ्या-दुर्बिणीचे स्वतःचे डाग काढून टाकल्यावर पण दिसतं. पण तो बंद करा असं म्हणायची माझी हिंमत नाही, कारण याच करमाळा तालुक्यात २०२० च्या डिसेंबरात बिबट्यानं माणसं मारली होती, शेवटी त्याला गोळी घालावी लागली, आणि ज्यांची पोरं पहाटे दुधाची किटली घेऊन त्या रस्त्यानं जातात त्यांना मी बुडबुड्याच्या गोष्टी काय सांगणार. दिव्यावर झाकण बसवा आणि उजेड खाली रस्त्यावरच पाडा एवढं मागणं मात्र योग्य आहे. ते मित्राच्या वडिलांमार्फत ग्रामपंचायतीत पोचवलंय. झाकण बसलं तर रस्त्यालाच जास्त उजेड मिळेल, आकाशाला देऊन काय उपयोग.

फोटोचं पुढचं काम घरी, आठवडाभर. सगळे सब स्टॅक करायचे, एच-अल्फा लालला द्यायचा आणि ओ-थ्री हिरव्या-निळ्या दोन्हींना. आईचा ठरलेला प्रश्न, "हा रंग खरा आहे का?" शार्पलेस ३०८ च्या बाबतीत बऱ्यापैकी हो म्हणता येतं, ५००.७ खरोखरच निळसर हिरवा आहे, फक्त आपला डोळा एवढ्या कमी उजेडात रंग बघू शकत नाही. १९९५ चा हबल दुर्बिणीचा तो प्रसिद्ध वायूच्या खांबांचा फोटो, त्यात मात्र सल्फरला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा दिलाय, म्हणजे मुळातल्या दोन लाल रेषा वेगळ्या दिसाव्यात म्हणून केलेली सोय. मला ते सोनेरी-निळे फोटो बघायला आवडतात, स्वतः करायला नाही.

आणि शेवटी हे नुसतं सुंदर फोटोंपुरतं नाही म्हणून लिहितोय. देवयानी आकाशगंगा, एम-३१, जगातला प्रत्येक हौशी माणूस पहिला फोटो तिचाच काढतो. शंभर वर्षांहून जास्त काळ मोठमोठ्या दुर्बिणींनी तिचे फोटो काढलेत. तिच्या बाजूला आकाशात ओ-थ्रीची एक लांबलचक कमान आहे हे २०२३ मध्ये छापून आलं, आणि ती सापडवली कुणी, तर ड्रेक्सलर, स्ट्रॉटनर आणि सेंटी या हौशी मंडळींनी, छोट्या दुर्बिणीनं, शंभरच्या वर तास उघडा ठेवून. तोपर्यंत कुणी त्या जागेवर ओ-थ्रीचा फिल्टर लावून एवढा वेळ बसलंच नव्हतं. शहरातून एवढी पुसट कमान काढायची म्हणजे तासांचा आकडा किती फुगला असता याचा हिशोब वर केलाच आहे.

त्यामुळे या फेब्रुवारीत शार्पलेसचे उरलेले तास पूर्ण झाले की जुन्या नौका तारकासमूहाच्या शिडातला, म्हणजे व्हेलाचा, सुपरनोव्हा अवशेष (स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला मेघ) धरायचा विचार आहे. जेऊरहून तो जेमतेम २६-२७ अंश वर येतो, म्हणजे उजनीच्या पाण्यावरूनच सगळा, आणि थंडीत त्या पाण्यावर पहाटे धुकं धरतं. मित्र म्हणतो मार्चपर्यंत थांब, धुकं कमी होईल. मी म्हणतो मार्चला तोडलेल्या उसाचं पाचट सगळीकडे पेटलेलं असतं. अजून ठरत नाहीये.